थंडीत कडक होणारं अस्तर

मुंबई विमानतळावर ट्रॉली ढकलताना बाबांनी पुन्हा विचारलं, तिथे तू नक्की करणार काय? मीही पुन्हा सांगितलं. जपानमध्ये सेंदाई शहरात एक छोटी स्टार्टअप आहे, अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी जास्त सुरक्षित हेल्मेट बनवते. आतल्या अस्तरासाठी त्यांना पॉलिमरमध्ये पीएच.डी. केलेलं माणूस हवं होतं. बाबांनी जन्मभर पुण्यात स्कूटर चालवली ती हेल्मेट डिकीत ठेवून. ते म्हणाले, "इथे कोणी घालत नाही, म्हणून इतक्या लांब जातेस होय?" आईला हसू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "थंडी फार असते म्हणे. जप."

तुमच्यातले जे असे देश सोडून निघालेत त्यांना पहिले महिने सांगायला नकोत. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे शिकण्यातच ते गेले. कंपनी एका खोलीत मावायची. ती काढणारे सातो-सान, म्हणजे आपल्याकडचे सातोसाहेब, कॉलेजात हाच खेळ खेळायचे. डोक्याला लागोपाठ मार बसले आणि खेळ सुटला. कितीतरी महिने त्यांना पुस्तकाचं एक पान सलग वाचता येत नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

पहिल्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या टीमने आमची हेल्मेट घ्यायचं ठरवलं. टेस्ट उत्तम आल्या होत्या, सगळे खुशीत होते. एका सकाळी मैदानावरच्या शेडमध्ये रात्रभर राहिलेलं हेल्मेट मी उचललं आणि आत अंगठा दाबला. अस्तर दबेना. आमच्या सगळ्या टेस्ट हीटर लावलेल्या खोलीत झाल्या होत्या. थंड करून पुन्हा केल्या, तर धक्का जवळजवळ तसाच आत पोचत होता.

मीटिंगमध्ये मी सर्वांत नवी, जपानी मोडकंतोडकं. तरी म्हणाले, "सातो-सान, हे अजून कोणाच्या डोक्यावर जायला नको." नोकरी गेली असंच मी धरून चालले. सातो-सान बराच वेळ अस्तर दाबत राहिले, मग त्यांनी स्वतः कोचना फोन लावून एक वर्ष मागून घेतलं.

ते वर्ष कठीण गेलं, पण मिश्रण जमलं. गेल्या शरदात टीम आमची हेल्मेट घालून उतरली तेव्हा आईबाबा इथे आले होते. बाबांना नियम कळत नव्हते, तरी ते टाळ्या वाजवत होते. मध्येच एक उंच खेळाडू जोरात आदळला आणि पडून राहिला. सातो-सान उभे राहिले. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं, प्रश्न विचारले, डोळे तपासले. सगळं ठीक होतं. त्या दिवशी मात्र त्याला पुन्हा खेळू दिलं नाही, तेच बरोबर होतं.

सामना संपल्यावर सातो-सान आईसमोर वाकून म्हणाले, "तुमच्या मुलीमुळे आम्ही एक वर्ष थांबलो. बरं झालं थांबलो." अर्थ मलाच सांगावा लागला. आईने त्यांना हात जोडले.

ऊन उतरलं तशी मी म्हणाले, "चला, घरी जाऊ." इतके दिवस फोनवर मी 'रूमवर पोचले' असंच म्हणायचे, घर म्हणजे पुणं. आईने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग खेळाडूंबरोबर फोटो काढत बसलेल्या बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, चला आता. घरी जायचंय."