यंदा माझ्याकडे दिवाळी नाही

मला वाटलं होतं, भांडावं लागेल. चांगलं कंबर कसून भांडावं लागेल. म्हणून मी सगळी उत्तरं कागदावर लिहून तयार ठेवली होती. आणि झालं काय? लोकांनी मला चकल्या आणून दिल्या. डोळ्यांत पाणी आणून दिल्या! आता चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझी फजिती ऐकायचीय ना? मग ऐका.

मी दहाव्या वर्षापासून वसतिगृहात. शाळा डोंगरात, पुढचं शिक्षण थेट स्कॉटलंडमध्ये. विषय मानसशास्त्र. यंदा परत आले ती देश बदलायलाच. सध्या कानडी मुलखात, इंदिरानगरमधल्या एका छोट्या संस्थेत लोकांना मन सांभाळायला शिकवते. दिवाळीनंतरच्या सोमवारी माझी पहिली कार्यशाळा होती, 'सणात स्वतःला जपा'. आता तुम्हीच सांगा, जे स्वतः केलं नाही ते लोकांना कुठल्या तोंडाने शिकवायचं?

शिवाय मी खरोखर थकले होते. गणपतीत पुण्याला गेले तर तीन आत्या, दोन मावश्या आणि प्रश्न एकच! शेवटी बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. तेव्हाच ठरवलं, दिवाळी एकटीने. चार दिवस कंदील नाही, रांगोळी नाही, फराळ नाही. फोन बंद, दार बंद. आईला कळवलं. ती फक्त "बरं" म्हणाली. आई नुसतं "बरं" म्हणते तेव्हा काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

जयनगरला मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्या विमलाक्का आणि त्यांचे यजमान अण्णा मूळचे निपाणीचे, मराठीत कानडी मिसळून बोलणारे. धनत्रयोदशीला अक्का जिन्यात भेटल्या.

"कंदील कधी लावतीस गं सई? अण्णांना शिडी काढायला सांगू?"

मी मान ताठ करून म्हणाले, "अक्का, यंदा माझ्याकडे दिवाळी नाही."

आता वाद होणार म्हणून मी कागदावरचं उत्तर क्रमांक एक आठवायला लागले. पण अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "कोण गं..." म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. "नको. मी विचारत नाही. तुझं तू सांगशील तेव्हा सांग."

मी थक्क! एवढी समज? तीही न शिकवता? उगाच स्कॉटलंडला गेले की काय!

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान वगैरे रद्द. ढगळ पांढरा कुर्ता, मोकळे केस. माझ्या वेळापत्रकात साडेदहा ते अकरा 'मोकळेपणी रडणे' होतं. हो, होतं! शास्त्र आहे ते. नाक लाल होऊन छान रंगात आले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात अक्का, हातात भलामोठा डबा.

"रड गं पोरी. अडवू नकोस. आणि हे स्वल्प खा. तुझ्या घरी करायचं नसतं की, म्हणून मी आणलं."

"चहा टाकू का?"

"नको नको! अशा वेळी आम्ही कसा घ्यायचा?"

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत बातमी. खिडकीखालचे फटाके थांबले. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आमच्या मराठी गटातले देशपांडे पतिपत्नी मारतहळ्ळीहून आले. त्या ट्रॅफिकमधून! चिवडा घेऊन! बसले, जमिनीकडे पाहिलं, उठले आणि गेले. "येतो" सुद्धा म्हणाले नाहीत. काय ती निरोगी नाती, मला तर भरूनच आलं. दुपारपर्यंत नऊ डबे जमले.

मग मला राहवेना. अक्का अण्णांना घेऊन पुन्हा आल्या तेव्हा मी छोटंसं भाषणच केलं. "खरं सांगू? मला इतकं हलकं वाटतंय! तुम्हीही एकदा करून बघा. दरवर्षी जमलं तर उत्तमच."

अण्णा उठलेच. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी देवाकडे. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं दोघांनी ठरवलं म्हणे.

खाली जाऊन अण्णांनी भाडेकरार काढला. त्यावरचा नंबर लावला, तो माझ्या बाबांचा.

"फार वाईट झालं हो," अण्णा म्हणाले. "आपण कोण बोलताय?"

"मी सईचा बाबा."

"म्हणजे तुम्ही आहात! मग... सईची आई?"

"ती कडबोळी तळतेय. तुम्ही कोण? काय झालं? माझ्या सईला काय झालं?"

पाचच मिनिटांत अण्णा धापा टाकत वर आले आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे आईचा आवाज, रडवेला.

"सई? तू आहेस ना गं?"

"आहे की. काय झालं?"

"धडधाकट आहेस?"

"हो!"

रडणं एका क्षणात बंद. "मग कंदील का नाही लावलास, कार्टे! कोणी गेलं की त्या घरात दिवाळी करत नाहीत. शेजारी फराळ आणून देतात. एवढंही माहीत नाही तुला? मनःशांती पाहिजे तर घे, पण कंदील लावून घे!"

मी वळून पाहिलं. दारात अक्का उभ्या होत्या.

"म्हणजे कोणी गेलं नाही?"

"नाही, अक्का. मी नुसती विश्रांती घेत होते."

"विश्रांती!" अक्का कडाडल्या. "दोन दिवस टीव्ही लावला नाही मी! आणि ह्यांच्याशी भांडले तेही हळू आवाजात!"

तुम्हाला वाटेल, मी माघार घेतली. मुळीच नाही! लाज वाटली, आईबाबांची चार वेळा माफी मागितली, ते वेगळं. पण थकलेल्या माणसाला दार लावून बसायला घरात कोणीतरी मरावंच लागतं का? हे मी अक्कांनाही ऐकवलं. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "ते सरी, बरोबर आहे. पण डबे धुऊन दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि ठरवून टाकलं. बाजारातून सगळ्यांत मोठा, झिरमिळ्यांचा कंदील आणला. अण्णांच्या शिडीवर चढून स्वतः टांगला. खाली पाटी लावली: 'घरात सगळे सुखरूप आहेत. दार चारनंतर उघडेल.' आत आले, दार लावलं आणि अक्कांची चकली खात सोमवारच्या कार्यशाळेचा पहिला नियम नव्याने लिहिला:

'मनःशांती हवी असेल तर खुशाल घ्या, पण कंदील लावून घ्या.'

आईचं नाव मात्र कुठेही टाकलं नाही. शेवटी परदेशात शिकून आलेय मी!