तिच्या माहेरचा देव
धुपाचा वास आला की प्लेगच्या आधी आमच्या प्रभादेवीच्या वाडीत आलेला तिबेटी घोंगडीवाला आठवतो; त्याच्या घोंगड्यांना तोच वास होता. त्याने ओट्यावर त्यांच्या जुन्या राजाचं चित्र पसरलं, शेजारी दोन राण्या. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, दोघी माहेरून बुद्धाची मूर्ती घेऊन आल्या, राजाने दोन्हींना देवळं बांधली. माझ्या बायकोचा माहेरचा देव तेव्हा पेटीत होता. आई त्याला देव्हाऱ्यात घेईना. बायको म्हणाली, "आमच्या देवाला साधी फळी नाय." मी म्हणालो, "मी काय राजा हाय?" "त्याला दोन होत्या. तुमाला एकच जड झाली!" त्याच दिवशी मी फळी ठोकली. आई रुसली ती रुसलीच. आता दोघीही नाहीत. देव तिच्या माहेरी पोचवा, असं लोक सांगतात. मी नाही देणार. तिचं बोलणं ऐकलेले या घरात आम्ही दोघंच उरलोय.