चार मुलींचं रौप्यपदक

ती आमच्या शाळेत आली तेव्हा आठ वर्षांची होती. सांगलीत मूकबधिर मुलांची आमची लहानशी शाळा आणि मागे वसतिगृह. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून आई तिला एसटीनं घेऊन आली होती. वडील मेंढरं घेऊन नदीकाठाला गेलेले. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. या पोरीनं आजवर आईच्या ओठांवर नक्की कुठली भाषा पाहिली असेल, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला.

तेव्हा आमच्याकडे शिकवायची एकच पद्धत होती. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं. हातवारे बंद. हातांनी बोलायची सवय लागली की मूल वाचेचा कंटाळा करतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. वर्गात कुणाचा हात उठला की मी तो धरून बाकावर ठेवत असे. रागानं नव्हे, त्याच्या भल्यासाठी म्हणून. या मुलीचे हात मी किती वेळा खाली ठेवले असतील, देव जाणे. नऊ वर्षांत ती दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला शिकली. ‘पाणी पाहिजे.’ ‘आई आली.’ तिच्या घराबद्दल तिच्या तोंडून मला त्यापलीकडे काही कळलं नव्हतं. ‘स्वभाव अबोल’ असं मी दरवर्षी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहीत आले.

टेबल टेनिस आमच्या शाळेत आणलं ते खेळाच्या सरांनी. ते साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जेवणघरातली दोन टेबलं जोडली, मधे जाळी बांधली आणि संध्याकाळी मुलांना खेळवायला लागले. एक दिवस ते मला बोलवायला आले.

“बाई, त्या जतच्या पोरीचा खेळ बघा जरा.”

मी पाहिला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पोरगी चपळ आहे, एवढंच दिसलं.

“आपल्याला चेंडूचा आवाज येतो,” सर म्हणाले, “तवा आपण निम्मं कानानं खेळतो. हिला आवाज न्हाई. ही समोरच्याचं मनगट बघती. चेंडू बॅटला लागायच्या आधी हिला म्हाईत असतं, कुठं येणार हाय ते. मी फौजेत लय खेळाडू बघितले, पण असली नजर न्हाई बघितली.”

ती सतरा वर्षांची असताना, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, साताऱ्यात कर्णबधिर खेळाडूंची निवड चाचणी झाली. तिथून ती पुण्याला गेली, पुण्याहून दिल्लीला, आणि तिथं तिचं नाव थेट भारताच्या संघात आलं. पूर्वेकडच्या एका देशात कर्णबधिरांच्या इनडोअर खेळांची स्पर्धा होती. टेबल टेनिस, बॅडमिंटन, ज्यूदो, बुद्धिबळ, सगळं एकाच मोठ्या संकुलात. मुलींच्या टेबल टेनिस संघात चौघीजणी होत्या. एक आमची आणि बाकीच्या तिघी दूरदूरच्या राज्यांतल्या. त्यांच्याबरोबर एक बाई हवी होती, कर्णबधिर मुलींची सवय असलेली. ते काम माझ्याकडे आलं. त्याआधी मी विमान जवळून पाहिलंही नव्हतं.

दिल्लीच्या शिबिरात पहिल्याच दिवशी मी गोंधळले. चौघींपैकी कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. एक तमिळ ओठ वाचायची, एक पंजाबी. मी दमून जेवायला गेले आणि तासाभरानं परत आले तर चौघी एका खाटेवर मांडी घालून बसलेल्या, हातांची नुसती लगबग आणि हसणं. मी दारात दिसताच आमच्या मुलीनं हात मांडीखाली लपवले. बाकीच्या तिघी तिच्याकडे बघत राहिल्या. मला तेव्हा नुसतं अवघडल्यासारखं झालं. त्याचा अर्थ पुढं कळला.

स्पर्धेच्या सभागृहात शिरताना मला वाटलं होतं, इथं शांतता असणार. कुणालाच ऐकू येत नाही, मग आवाज कोण करणार? झालं उलटंच. माणसं पायांनी जमीन हादरवत होती, मोठ्यानं ओरडत होती, खुर्च्या बडवत होती. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. तेवढ्या गर्दीत कानांवर हात ठेवून बसलेली मी एकटीच.

नियम असा होता की खेळताना कुणी श्रवणयंत्र लावायचं नाही. तेव्हाची यंत्रं म्हणजे छातीवर अडकवायचा छोटा डबा आणि त्याची वायर. उपांत्य फेरीच्या आधी चौघींनी आपापले डबे काढून माझ्या मांडीवर ठेवले. एक-दोन बंद करायचे राहून गेले असावेत. ते माझ्या मांडीत शिट्टी वाजवत राहिले आणि मला बटण सापडेना.

समोर यजमान देशाचा संघ होता. दोन सामने त्यांनी जिंकले, दोन आम्ही. पाचवा आमच्या मुलीकडे आला. पहिला गेम तिनं घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले. तेव्हा गेम एकवीस गुणांचा असे.

मी तिच्याकडे बघत होते. नऊ वर्षं ज्या मुलीला मी ओळखत आले, ती ही नव्हेच. ती वाकून उभी होती, डोळे समोरच्या मुलीच्या मनगटावर. सरांचं बोलणं आठवलं आणि मीही चेंडू सोडून मनगट बघायचा प्रयत्न केला. मला काहीच दिसलं नाही. तिला दिसलं. समोरून सर्व्हिस आली तेव्हा ती आधीच डाव्या कोपऱ्यात पोचली होती. वीस. पुढचा गुण लांबला, चेंडू दहा-बारा वेळा इकडून तिकडे गेला आणि शेवटी समोरच्या मुलीनं तो जाळीत मारला.

आणि मग ते झालं. सगळं सभागृह उभं राहिलं. शेकडो माणसांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पंजे पसरून मनगटापासून फिरवायला सुरुवात केली. त्यांची टाळी अशी असते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या विरुद्ध ओरडणारी यजमान देशाची माणसंही त्यात होती. खालपासून वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत नुसते हात, वाऱ्यावर पिंपळाची पानं सळसळावीत तसे, पण आवाज न करता. माझे हात तेवढे श्रवणयंत्रांत अडकलेले. मी बाकावर दाबून ठेवत आले ते हेच हात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणघरात आमची मुलगी एका मंगोलियाच्या मुलीसमोर बसलेली दिसली. दोघींची ताटं तशीच होती. हात इतक्या वेगानं चालले होते की मला मागोवा घेता येईना. एकीनं कात्री चालवल्यासारखं केलं, दुसरी मान हलवून वेगळंच काही दाखवत होती. मग दोघी खदखदून हसल्या. मी जवळ गेले. आमच्या मुलीनं सवयीनं हात खाली घेतले.

“काय बोलत होतीस?” मी सावकाश, ओठ उघडून विचारलं.

ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली. मग तिच्या जड उच्चारात म्हणाली, “मेंढ्या. तिच्याकडे पण.”

मी तिचे दोन्ही हात धरले आणि परत टेबलावर आणले. “बोल,” मी म्हणाले. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. खरंच का, असं विचारल्यासारखं. मग ती समोर वळली आणि दोघी पुन्हा सुरू झाल्या. मी शेजारी बसून राहिले. मला एक अक्षर कळत नव्हतं.

अंतिम सामना आम्ही सरळ हरलो. समोरचा संघ फारच तयारीचा होता. पण रौप्यपदक मिळालं आणि आमच्या पथकातल्या ज्यूदोच्या एका मुलानं आणि बॅडमिंटनच्या जोडीनंही कांस्यपदकं मिळवली. चौघी पायरीवर उभ्या राहिल्या, झेंडा वर जाताना त्यांनी माना वर केल्या. पुन्हा ते हात हवेत फिरले. या वेळी मीही फिरवले.

मिरजेला उतरल्यावर मी तिला घेऊन थेट जतची एसटी पकडली. वस्तीवर तिची आई अंगणात ज्वारी निवडत होती. मुलगी धावत गेली आणि आईसमोर उकिडवी बसून तिनं हातांनी सांगायला सुरुवात केली. विमान, सभागृह, सामना, सगळं. आईही हातांनीच विचारत होती, मधेच एखादा कानडी शब्द तोंडातून जायचा. मी उभीच होते. थोड्या वेळानं आई माझ्याकडे वळून सांगू लागली, “बाई, ही म्हनती, तितं हिला मेंढरं राखनारी पोरगी भेटली. त्यांची मेंढरं आपल्यापरीस लय केसाळ हायत.”

“तुम्हाला सगळं कळतं तिचं?” मी विचारलं.

“न कळायला काय झालं? ल्हानपनापासनं आमी असंच बोलतो. लय बडबडी हाय ती, गप म्हनून बसत न्हाई.” मग तिनं विचारलं, “तुमी शाळंत न्हाई बोलत व्हय असं?”

मी पिशवीतून पदक काढून तिच्यापुढं धरलं. तिनं पदक हातात घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं आणि घरात देवाजवळ नेऊन ठेवलं. मग मला ताक आणून दिलं.

शाळेत मी मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पद्धत बदलता येणार नाही म्हणाले. त्यांचीही चूक नव्हती, त्यांनाही तेच शिकवलेलं. मी माझ्यापुरतं माझ्या वर्गात हात धरणं थांबवलं. खेळाच्या सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, पोरं माझ्याशी पहिल्यापास्नं हातानंच बोलतात. मला कुठं ठावं होतं बंदी हाय ते.”

रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मी वसतिगृहात जाऊन बसू लागले. शिकवायला ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणी. माझी बोटं चाळिशीत वळायला तयार नव्हती. मी ‘आई’ म्हणायला जाऊन दुसरंच काही म्हणायची आणि त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. माझी चूक कुणी मला उलगडून सांगितली नाही. ती मुलगी माझं बोट धरून नीट जागी ठेवायची, एवढंच.

पुढं ती आणखी दोन वर्षं खेळली. नंतर कराडच्या एका छापखान्यात काम करणाऱ्या, तिच्यासारख्याच न ऐकणाऱ्या मुलाशी तिचं लग्न झालं. मी लग्नाला गेले होते. मांडवात निम्मे लोक हातांनी बोलत होते आणि जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मित्रानं मला खुणेनं विचारलं, “तुम्ही मुलीकडच्या का?” मी खुणेनंच हो म्हटलं आणि त्याला माझं म्हणणं समजलं.