नानांनी निंदलेलं गाणं

माझे सासरे, म्हणजे आमचे नाना, शब्दाचे पक्के. कॉम्प्युटरने जरी काही विचारलं तरी ते विचार करून उत्तर देतात आणि मग त्या उत्तराला जागतात. उन्हाळ्यात एके दुपारी पडद्यावर चौकट आली, की ही फाइल कशात उघडू, आणि यापुढे नेहमी त्यातच उघडू का? नानांना कॉम्प्युटरमधला एकच प्रोग्रॅम ठाऊक, नोटपॅड. पपईवर कोणत्या दिवशी काय फवारलं हे ते त्यात लिहून ठेवतात. त्यांनी नोटपॅड निवडलं आणि 'नेहमी'लाही हो म्हणून टाकलं. अडचण एवढीच होती, की ती फाइल म्हणजे माझ्या सासूबाईंचं गाणं होतं.

आम्ही म्हसावदचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, माणसं मोजून रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू दळले जातात, नारळाची देवी नटते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. या प्रत्येक कामाला आपापलं गाणं. उठवायचं गाणं झाल्याशिवाय तर आमच्या घरी देवी पाटावरून हलवत नाहीत. ही गाणी माझ्या सासूबाईंची, मायची. तिच्या आईकडून आलेली आणि पुष्कळशी तिनेच वाढवलेली. बाकीच्या बायका मागून म्हणायच्या.

नानांनी मात्र जन्मभर या गाण्यांची टिंगल केली. गाणं बायकांचं, पुरुष बाहेर ओट्यावर, ही आमची रीत. ओट्यावरून ते सांगायचे, की बिचारी देवी दुसऱ्याच दिवशी निघते ती कंटाळून. माय आतून ऐकायची आणि मुद्दाम एक कडवं जास्त म्हणायची.

गेल्या वर्षी मायच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसतं कुजबुजते. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात मी तिची पंधरा गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवली होती. तो मोबाइल पुढे बंद पडला तो पडलाच. यंदा कानबाई आमच्या घरी बसणार होती आणि गाणी माझ्या गळ्यात आली होती. मी नाशिकची. शाळेत शिकवते, अहिराणी सगळी समजते, पण बोलायला लागले की अर्धी गल्ली हसायला जमते.

तीन आठवडे आधी मी मायला शेजारी बसवून पहिलं गाणं उघडलं. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्या देशाची कोण जाणे अक्षरं. दुसरं उघडलं, तेच. मी तिसरं, चौथंही उघडून पाहिलं. माय मात्र चष्मा पुढे ओढून ते सगळं नीट बघत राहिली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मी इतलं वाकडं म्हनस का व?"

मला हसू आलं आणि डोकंही ठिकाणावर आलं. फाइलवर उजवं क्लिक केलं, कशात उघडायची ते बदललं, गाणी वाजवायचा प्लेअर निवडला आणि खालच्या 'नेहमी'वर खूण केली. नोटपॅडच्या वहीची चित्रं जाऊन सगळ्या फाइलींवर एकदम प्लेअरचं चित्र आलं. दोन मिनिटांचं काम. खोलीत मायचा आवाज भरला, जुना, ठणठणीत. ती पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर दोघी रडत बसलो असतो.

चौदा गाणी वाजली. पंधरावं, देवी उठवायचं, वाजेना. प्लेअर बदलून पाहिला, तरी नाही. फाइल बाकीच्यांपेक्षा बारकी झाली होती आणि तिच्यात शेवटचा बदल मे महिन्यातला दिसत होता. मे महिन्यात दुपारी घरात बसून कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस आमच्याकडे एकच.

संध्याकाळी नाना शेतातून आले तेव्हा मी डोक्यावरचा पदर सावरून, शक्य तितक्या नरमाईने विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. गाणं उघडलं तर आत नुसता कचरा, म्हणून साफ केलं म्हणाले. "बठ्ठं गवत माजेल व्हतं, पोरी. दोन दुपार बठीसन निंदी टाकं."

एकेक चौकोन, एकेक प्रश्नचिन्ह त्यांनी खुडून काढलं होतं, रान निंदावं तसं, ओळीने. ओळखीची अक्षरं तेवढी ठेवली होती. आणि मग भल्या माणसाने ते सेव्ह केलं होतं.

सासऱ्यांवर ओरडता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी अशा थापल्या, की माय काळजीने बघायला आली. तिला खरं सांगावं लागलं. तिने माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या, तेच मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी भाऊबंदकीतल्या सगळ्या बायकांकडे फिरले. प्रत्येकीला पहिली दोन कडवी पाठ, पुढे नुसतं हूं हूं. इतकी वर्षं मागून म्हणायची सवय, पुढचं कोण लक्षात ठेवतो! मायला लिहिता येत नाही; तिने कुजबुजत सांगायला सुरुवात केली, पण चार ओळींत तिला ठसका लागला आणि घशाला ताण नको असं डॉक्टरांनी बजावलेलं आठवून मीच थांबवलं. दोन कडव्यांवर देवी उठवू, असं ठरवून टाकलं.

रविवार पार पडला. माझी चौदा गाणी बायकांनी हसत हसत का होईना, सांभाळून घेतली. सोमवारी सकाळी सगळ्या पाटाभोवती उभ्या राहिलो. मी पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं आणि थांबले. एक चुलत सासू देवी उचलायला वाकली. मायने तिचा हात धरला. म्हणजे अजून नाही. कोणालाच पुढचं येत नव्हतं आणि माय हात सोडत नव्हती.

तेवढ्यात नाना ओट्यावरून आत आले. इतक्या बायकांत ते एकटेच पुरुष, टोपी हातात. मायकडे न बघता म्हणाले, "चूक मन्ही शे. मी म्हनस."

आणि म्हणाले. तिसरं कडवं, चौथं, पार सातव्यापर्यंत. आवाज कसला, ट्रॅक्टर चढावर घातल्यासारखा. बाहेर त्यांचे भाऊ हसून हसून बेजार. पण शब्द एकही चुकला नाही, मायने स्वतः वाढवलेल्या ओळींतलाही नाही. पाचव्या कडव्यात मायने टाळी धरली, मग बाकी सगळ्यांनी धरली. मी एका हाताने मोबाइलवर रेकॉर्ड करत होते आणि दुसऱ्याने डोळे पुसत होते. गाणं संपलं तेव्हा मायने हात सोडला. नानांनी टोपी घातली आणि पपईला पाणी लावायचंय म्हणत निघून गेले. रात्रभर पाऊस पडलेला होता.

दुपारी घर निवल्यावर मी नवीन रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये टाकलं. माय येऊन शेजारी बसली आणि खुणेने म्हणाली, लाव. तिला आपला आवाज ऐकावासा वाटत असेल म्हणून मी तिचं पहिलं गाणं लावायला गेले. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मन्हं नको," ती कुजबुजली. "त्यासनं लाव."