व्याह्यांच्या मागून दहा किलोमीटर

पळण्याने माणसाचं टायमिंग कमी होतं म्हणतात. होत असेल. आमच्या ग्रुपमध्ये टायमिंग तिथल्या तिथे राहिलं आणि किस्से वाढत गेले. माझं जळगावात मेडिकलचं दुकान आहे. सकाळी मेहरूण तलावावर जो 'एकदम फिट' असतो, तो संध्याकाळी गुडघ्याचा स्प्रे मागायला माझ्याकडेच येतो. त्यामुळे कोण किती पळतो, हे मला ॲपच्या आधी कळतं.

ग्रुप लहानच. आबा, साठीचे, यावलकडचे केळीवाले, आता मुक्काम जळगावात. महाजन वकील. सोनवणे सर, चित्रकलेचे रिटायर मास्तर आणि आमचे स्वयंघोषित कोच. आणि मी.

* * *

आबा पळायला लागले ते व्याह्यांमुळे. त्यांची वैशाली धुळ्याला दिली आहे. तिचे सासरे म्हणजे नाना. नातवाच्या बारशाला आम्ही सगळे गेलो, तर पाळण्यावर खेळण्यांच्या मधोमध नानांचं मेडल लटकत होतं. येणाऱ्याला नाना आधी मेडल दाखवायचे, मग बाळ.

"दहा किलोमीटर. एक तासना मझार उनू," म्हणजे तासाच्या आत आलो, हे त्यांनी आम्हाला जेवणाआधी दोनदा आणि जेवणानंतर एकदा सांगितलं. मग आबांकडे वळून म्हणाले, "आबा, हाई तुमले नही जमाव."

आबा हसले. मुलीचा बाप दुसरं काय करणार? नानांनी पहिला घास घेतल्याशिवाय आबा ताटाला हात लावत नाहीत. नाना उभे असले तर आबा बसत नाहीत. पण परत येताना, पारोळ्याच्या पुढे, गाडीत एकदम म्हणाले, "भो, मले तासाच्या आत पळायचं आहे. अन् धुळ्यातच."



* * *

सरांनी इंटरव्हल ट्रेनिंग सुरू केलं. विजेच्या दोन खांबांमध्ये जोरात पळायचं, पुढच्या दोन खांबांमध्ये चालायचं. मोबाइलवर पाहून आणलेली विद्या, पण चूक काही नव्हती. अडचण आबांची होती. तलावावर फिरणारा अर्धा गाव त्यांच्या ओळखीचा. जोरात पळायची वेळ आली की समोरून कोणीतरी यायचं, आणि आबा ब्रेक लावून उभे. "काय भाऊ, बरं आहे ना? कापूस काय म्हणतो?"

"आबा, थांबू नका. नुसता हात वर करा आणि पुढे चला," सरांनी सुनावलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी इमानदारीने नुसते हात वर केले. संध्याकाळपर्यंत तिघे जण घरी येऊन गेले. आबा कशावरून नाराज आहेत, हे अक्कांना, म्हणजे आबांच्या बायकोला, विचारायला. त्यातल्या एकाने तर जुन्या बांधाची भानगड स्वतःहून मिटवून टाकली. तो आठवडा आबा पळाले कमी आणि केळीचे घड घेऊन समजुती काढायला हिंडले जास्त.

* * *

महाजन वकिलांनी भारीतलं घड्याळ घेतलं. ते पेस दाखवतं, ठोके दाखवतं, झोप दाखवतं. वकील मात्र पहिल्या किलोमीटरला गोळीसारखे सुटायचे आणि तिसऱ्याला कुठल्यातरी पुलाच्या कठड्यावर सापडायचे.

सरांनी समजावलं, "सुरुवात हळू करायची वकीलसाहेब. इतकी हळू, की पळताना सहज बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर स्पीड जास्त झाला."

"मग माझा बरोबरच आहे. मी पूर्ण वेळ बोलत होतो," वकील म्हणाले.

ते खरं होतं. दम लागून डोळे पांढरे झाले तरी त्यांचा युक्तिवाद चालूच असतो. कठड्यावर बसल्यावरही चालू होता. सगळ्या जगाला लागू पडणारी परीक्षा आमच्या वकिलांपुढे फेल गेली, आणि सरांनी ती ट्रेनिंगमधून काढून टाकली.

* * *

रविवारी लाँग रन. नशिराबादच्या बाजूला जायचं आणि यायचं. सर मोटरसायकलवर. "कोच पळत नसतो," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आमच्या शेजारून गाडी चालवत ते ओरडायचे, "खांदे सैल! श्वास पोटातून!" स्वतःचा श्वास सायलेन्सरमधून.

एका रविवारी परतीला गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. सर खाली उतरतील असं आम्हाला वाटलं. ते हँडल धरून बसून राहिले आणि आम्ही तिघांनी ढकलत गाडी पंपापर्यंत नेली. आबांचा शर्ट पिळून काढावा असा झाला होता.

सर उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "याला स्ट्रेंथ ट्रेनिंग म्हणतात."

त्यानंतर सगळ्यांनी मिळून भरीत-पुरी हाणली. त्या हंगामात माझ्या दुकानात स्प्रेपेक्षा ॲसिडिटीच्या गोळ्या जास्त खपल्या.

* * *

धुळ्याच्या दहा किलोमीटरच्या रेसला आम्ही सगळ्यांनी नावं दिली. रेसच्या आदल्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. आबा माझ्या दुकानात बसले होते, फोन स्पीकरवर. नानांची तयारी जोरात होती. त्यांना उठल्यावर गरम पाणी, मेथीचा लाडू, आल्यावर अंडी, आणि बूट रोज पुसून. हे सगळं कोण करतं, ते विचारायची गरज नव्हती.

वैशाली कॉलेजात जिल्ह्यापर्यंत पळालेली. आबा म्हणाले, "तू पण नाव दे ना."

"विचारलं होतं आबा."

"मग?"

"नाना म्हणे, मंग चहा कोन करी?"

आबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काउंटरवरच्या बामच्या बाटल्या सरळ करत बसले. मला नानांचा इतका राग आला, की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी उगाचच तोडून बोललो.

* * *

रेसच्या सकाळी धुळ्यात आमचा एकच मोठा फायदा होता. आबांना ओळखणारं रस्त्यावर कोणी नव्हतं. थांबायचं कारणच नाही. आबांनी सुरुवात हळू केली. नाना छाती काढून पहिल्याच मिनिटाला दिसेनासे झाले. वकीलही सुटले. चौथ्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलामागे खुर्चीत बसून ते तिथल्या पोरांना काहीतरी पटवून देत होते. आबांनी पाहिलंसुद्धा नाही. एकेक माणूस मागे टाकत चालले होते, आणि त्यांच्या शेजारी धावताना मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस तासाच्या आत येतो.

आठव्या किलोमीटरला, देवपुरात, ओळखीची पाठ दिसली. नाना. पाय ओढत, कमरेवर हात ठेवून.

आबांचा वेग एकदम पडला. नानांच्या दोन पावलं मागे ते धावू लागले, मग नुसते चालू लागले.

नानांनी वळून पाहिलं. तोंडाला फेस, पण ऐट तशीच. "या आबा. इतली घाई कसानी शे? चाला, गप्पा मारत जाऊत."

"हो नाना," आबा म्हणाले.

मी कानाशी जाऊन सांगितलं, "आबा, अजून वेळ आहे. पुढे व्हा."

"पोरगी दिली आहे भो," ते हळूच म्हणाले, आणि मागेच राहिले.

पुढच्या वळणावर नानांच्या कॉलनीतली माणसं टाळ्या वाजवत उभी होती. त्यांच्यात वैशाली, एका हातात पाण्याची बाटली, खांद्याला केळ्यांची पिशवी. तिने नानांना पाहिलं, मग त्यांच्यामागे चालणाऱ्या आपल्या बापाला पाहिलं. बाटली आधी नानांनाच दिली. मग ओढणी कमरेला खोचली.

"आबा, तुम्ही पळा. नानांसोबत मी चालते."

आबा जागचे हलेनात. सगळी कॉलनी बघत होती.

"नाना काही म्हणत नाहीत," वैशाली म्हणाली. "हो ना नाना?"

नानांच्या तोंडात पाणी होतं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर आबा जे सुटले, त्यांच्यामागे माझी फरफट झाली. ते तासाच्या आत आले. थोडेच आत, पण आत. मेडल गळ्यात पडलं तरी घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही, मागच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.

बऱ्याच वेळाने नाना आले. शेजारी वैशाली, पायात घरातली चप्पल. नाना धापा टाकत होते. ती नव्हती.

दम खाऊन झाल्यावर नानांनी जमलेल्या लोकांना सांगितलं, "मीच सांगं आबासले, व्हा पुढे."

"हो नाना," वैशाली म्हणाली, आणि केळं सोलून त्यांच्या हातात दिलं.