मास्तरांच्या न्हाणीघरातला ट्रिपर

मास्तरांचा निरोप आला तेव्हाच वायरमनच्या मनात पाल चुकचुकली. नऊ वर्षं त्यानं त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. काम तसं किरकोळच. मास्तरांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती, थंडीत काही वाळेना, म्हणून न्हाणीघरात टॉवेल तापवायची विजेची दांडी बसवायची. नाही म्हणायला तोंड हवं ना! गेला बापडा.

न्हाणीघरात शिरताच त्याला वाटलं, फरशी ओली आहे. वाकून हात फिरवला तर कोरडी ठाक. दांडीसाठी भिंतीत भोकं पाडली, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, पाणी देऊ का?" वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. ही हाक वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची. नऊ वर्षांपूर्वी त्या याच फरशीवर गेल्या होत्या. ओल्या हातानं गिझरचा नळ धरला आणि नळात करंट उतरलेला होता.

करंट गळला की लाइन तोडायला विजेच्या पेटीत ट्रिपर असतो. त्या दिवसांत तो सारखा पडायचा, घरातली वीज जायची. गळती शोधायची तर फरशा फोडाव्या लागणार. मास्तर वैतागून म्हणाले होते, "रोज तोंडाला साबण लावून अंधारात उभा राहतो मी! काढा ती ब्याद." आणि यानं, एवढ्या अनुभवी माणसानं, ट्रिपरला बगल देऊन लाइन थेट जोडली. पाच मिनिटांचं काम. पंधरवड्यात वहिनी गेल्या. धावत आलेल्यांत हाही होता. घरात रडारड चालली असताना यानं गुपचूप पेटी उघडून ट्रिपर पुन्हा लाइनीत घेतला. तपासायला आलेल्यांनी गिझर जुना होता असं लिहून नेलं. यानं तोंडातून ब्र काढला नाही. लाज वाटायची, भीती त्याहून जास्त.

आज त्यानं काही बाकी ठेवलं नाही. मेन बंद करून टेस्टर दोनदा लावला. दांडीच्या अंगाला हिरवी अर्थिंगची वायर घट्ट कसली, स्विच न्हाणीघराबाहेर घेतला, ट्रिपर नवा बसवला. त्याचं टेस्टचं बटण दाबलं, खट्कन पडला. पुन्हा चढवून पुन्हा दाबलं. पाचव्यांदा दाबलं तेव्हा शेजारी उभे असलेले मास्तर हसले.

"अहो, पुरे! त्याचा जीव घ्याल."

वायरमननं बटणावरचं बोट काढलं. आतल्या खोलीत बाळ कुरकुरत होतं.

"मास्तर, तेव्हा मी ट्रिपर लाइनीतून काढला होता. वहिनी गेल्यावर परत जोडला. गिझरचा दोष नव्हता, माझा होता."

एवढं बोलून त्याला मोकळं वाटलं. शिव्या द्या, पोलिसांत द्या, काय वाटेल ते करा.

मास्तर भिंतीला धरून सावकाश स्टुलावर बसले.

"मीच सांगितलं होतं ना काढायला," ते म्हणाले. "त्या दिवशी तिला न्यायच्या आधी मी पेटी उघडून पाहिली. ट्रिपर लाइनीत जोडलेला होता. म्हटलं, देवा, बरं झालं, या माणसानं माझं ऐकलं नाही."

वायरमननं पेटीचं झाकण लावलं.

"नऊ वर्षं तेवढ्यावर झोपलो हो मी."