पूर्वेचा वारा

भातकुलीच्या देवमनला अठ्ठावन्न साली टोळ नियंत्रणाच्या खात्यात बिनतारी यंत्रावर नोकरी लागली. ठाणं राजस्थानात, पाकिस्तानच्या सीमेला लागून. टोळांना सीमा ठाऊक नसते, म्हणून दोन्ही देशांनी एकमेकांना खबर द्यायचं ठरवलं होतं. पलीकडच्या यंत्रावर रहमत असायचा. देवमनचं वऱ्हाडी वळणाचं हिंदी ऐकून तो पोट धरून हसायचा.

रोज संध्याकाळी टोळधाड कुठे उतरली, वारा कुठला, हे सांगून झालं की घरचं बोलणं. दोघांनाही एकाच पावसाळ्यात मुली झाल्या; रहमतची ती सकीना. टोळांवर विषारी भुकटी उडवायची असली की आधी एकमेकांना सांगायचे, "पाणी झाकून ठेवा, जनावरं बांधा."

पासष्टचं युद्ध झालं आणि पलीकडे बोलायला बंदी आली. गोळीबार थांबला तरी ती उठली नाही. ऑक्टोबरात भुकटी उडवायची ठरली, तेव्हा वारा पूर्वेचा होता, थेट रहमतच्या वस्तीकडे जाणारा. देवमनने साहेबांना विनवलं.

"शत्रूला सांगणार?" साहेब म्हणाले.

देवमनने यंत्राला हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी भुकटी उडाली.

पुढच्या उन्हाळ्यात बोलणं पुन्हा सुरू झालं. रहमतचाच आवाज! देवमनने आनंदाने विचारलं, "सकीना कशी आहे?"

"टाक्यातलं पाणी प्यायली. त्याच आठवड्यात गेली." "सांगितलं का नाहीस?"

"हुकूम नव्हता."

रहमतने दोष दिला नाही. म्हणाला, "आमची माणसं उद्या भुकटी उडवणार आहेत. पाणी झाकून ठेवा."

देवमन रजा काढून भातकुलीला आला. लेक धावत आली, त्याने तिला उचललं नाही.

"काहून असे करून राहिले? का झालं?" बायकोने, इंदूबाईने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. तिने लेकीला जवळ ओढलं, डोळ्यांना पदर लावला.

"त्याले माफी मांगतली का तुमी?"

"तोंडच उघडलं नाई माहं."

"मंग जा. इथं बसून का होते?"

तो परत गेला. संध्याकाळी यंत्र लावलं तर आवाज नवा. रहमत नोकरी सोडून गेला होता. कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"त्याच्यासाठी काही निरोप होता का?" नव्या माणसाने विचारलं.

देवमनने वाऱ्याची दिशा तेवढी सांगितली.